कटर उलटा कसून टेबल सॉ बनवू नका (हे मीच तुम्हाला दाखवलं होतं)



या आठवड्यात चॅनलवर नवा व्हिडिओ नाही. उलट जुना एक काढून टाकलाय. तो का काढला, हे कॅमेऱ्यासमोर बोलण्यापेक्षा लिहून सांगावं असं वाटलं.

ज्यांनी तो पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. घरच्या घरी चार हजारांच्या आत टेबल सॉ कसा बनवायचा, हा विषय होता. मी एक मार्बल कटर घेतला, त्याचं गार्ड काढलं, दगडाचं पातं काढून लाकडाचं दातेरी पातं लावलं, जाड प्लायला खाच पाडली आणि कटर खालून उलटा कसला. वर नुसतं फिरणारं पातं. मग सागवानाची एक पट्टी सरळ चिरून दाखवली आणि म्हणालो, "बघा, पन्नास हजारांच्या मशीनचं काम!" तुम्हाला तो व्हिडिओ फार आवडला होता. मलाही आवडला होता.

गेल्या महिन्यात भंडाऱ्याला कार्यशाळा घेतली. संपल्यावर सेल्फीवाले गेले, आणि एक मुलगा मागे थांबला. पंचविशीचा असेल. म्हणाला, "सर जी, मी कारध्याचा. तुमचा व्हिडिओ पाहून टेबल बनवलं होतं." मी खूश होऊन विचारलं, कसं चाललंय काम? त्याने खिशातला डावा हात बाहेर काढला. तर्जनी दुसऱ्या पेरापाशीच संपलेली. मधल्या बोटाचं टोक नाही.

रागावला वगैरे नव्हता तो. "टेबल चांगलंच चालत होतं जी," एवढंच म्हणाला. मग थोडं थांबून, "तुम्ही पन गार्ड काढूनच दाखवलं होतं ना."

दुसऱ्या दिवशी मी वैनगंगेचा पूल ओलांडून त्याच्या घरी गेलो. घराला लागून पत्र्याची शेड, तिच्यात त्याची कार्यशाळा. मशीन तशीच होती, वर पोतं टाकलेलं. लग्नसराईतली गोष्ट. एक दिवाण, एक अलमारी आणि ड्रेसिंग टेबल, तिन्ही एकाच आंदणाची ऑर्डर, देण्याची तारीख पक्की. संध्याकाळ झाली होती, बीटसाठी दोन इंची पट्ट्या चिरणं चालू होतं आणि शेवटची पट्टी राहिली होती. उजव्या हाताने पट्टी कडेला दाबून धरलेली, डाव्याने मागून ढकलत होता. अर्ध्यावर लाकूड अडलं. जोर लावला. पट्टी मागे उडाली आणि ढकलणारा हात होता त्याच जोराने पुढे गेला.

असं कुठे झालं की गावात, दुकानात, घरात एकच वाक्य ऐकू येतं: "लक्ष नव्हतं त्याचं." हे मला मान्य नाही, आणि का नाही ते नीट सांगतो. कारण "मी लक्ष देऊन करतो, मला काही होणार नाही" हा विचार याच वाक्यातून जन्माला येतो.

जरा आकडेमोड करू. चार इंची मार्बल कटर मोकळा फिरताना मिनिटाला साधारण 12 ते 13 हजार फेरे घेतो. पातं 110 मिलिमीटरचं. म्हणजे पात्याची कड ताशी 270 किलोमीटरच्या आसपास पळते. पात्याला 40 दाते असतील तर एका सेकंदात एका जागेवरून साडेआठ हजारांच्या वर दाते जातात. बोटाला काही लागलं हे मेंदूला कळून हात मागे घ्यायला माणसाला सेकंदाचा पाचवा हिस्सा तरी लागतोच. कितीही चपळ असा. तेवढ्यात सतराशे दाते गेलेले असतात. इथे लक्ष काय करणार?

आपल्या आजोबांची हातकरवत हात थांबला की थांबायची. तिनेही कापायचं, पण एक-दोन दाते लागायचे, रक्त यायचं, चिंधी बांधून माणूस पुन्हा कामाला लागायचा. हातकरवतीची सवय घेऊन आपण विजेच्या करवतीकडे आलो, घोळ तिथे आहे.

मशीनवर काम करताना मी आता एकच प्रश्न विचारतो: सरकतंय काय? लाकूड स्थिर आहे आणि मशीन सरकतेय, तर दोन्ही हात मशीनच्या मुठींवर असतात. पातं कुठेही गेलं तरी हात त्याच्या मागेच. पण मशीन स्थिर आणि लाकूड सरकतंय, तर लाकडाबरोबर तुमचा हात दर कापाला पात्याकडे चाललाय. दिवसाला शंभर काप म्हणजे शंभर वेळा. मी व्हिडिओत जे केलं ते नेमकं हेच. ज्या मशीनवर हात मागे राहतो ती घेतली, उलटी केली आणि हात पुढे आणला. वर गार्डही काढलं.

कंपनीचा टेबल सॉसुद्धा लाकूड सरकवूनच चालतो, हे खरं. पण त्याच्या पात्यामागे एक पातळ पोलादी पट्टी उभी असते. इंग्रजीत तिला रायव्हिंग नाइफ म्हणतात. लाकूड चिरलं की त्यातला ताण सुटतो आणि चीर मिटायला बघते. ओलं किंवा पिळाचं लाकूड असेल तर जास्तच. चीर मिटली की ती पात्याला चिमटीत धरते. पात्याचा मागचा भाग खालून वर येत असतो, तो लाकूड उचलून तुमच्याकडे फेकतो. याला किकबॅक म्हणतात. ती पट्टी चीर उघडी ठेवते म्हणून हा प्रकार टळतो. उलट्या कटरला ती पट्टी नाही, गार्ड नाही आणि हाताजवळ बंद करायचं बटणही नाही, कारण बटण टेबलाखाली गेलंय. कारध्याच्या मुलाचं लाकूड अडलं तेव्हा त्याला आधी वाकून खाली हात घालावा लागला असता. कोण घालतो? जोरच लावतो माणूस.

काही जण ग्राइंडरला लाकडाचं पातं लावतात. ते तर याहून वाईट. ग्राइंडरच्या माहितीपुस्तिकेत दातेरी पातं लावू नका असं लिहिलेलं असतं. ती पुस्तिका आपण खोक्याबरोबर फेकून देतो.

कारध्याला वैनगंगेची धोक्याची पातळी 245.50 मीटर आहे. पावसाळ्यात हा आकडा रोज पेपरात येतो, गावातल्या शाळकरी पोरालाही पाठ असतो. त्या घरी बसून मी विचारलं, तुझ्या पात्यावर जास्तीत जास्त फेऱ्यांचा आकडा छापलाय, तो किती? त्याला माहीत नव्हतं. खरं सांगायचं तर व्हिडिओ केला तेव्हा मीही बघितला नव्हता. मशीनचे फेरे त्या आकड्यापेक्षा जास्त असतील तर ते पातं त्या मशीनला लावायचंच नाही, इतकं साधं आहे ते.

आपल्या भागातली आणखी एक गोष्ट शहरातले ट्रेनर सांगत नाहीत. लाइन. काम चालू असताना लाइन जाते. बटण लॉक केलेलं असतं, मशीन गप्प होते, आपण ती बाकावर ठेवून चहाला जातो. परत येऊन पातं बदलायला घेतो आणि लाइन येते. झालं. म्हणून लाइन गेली की पहिलं काम पिन काढणं. नो-व्होल्ट रिलीज नावाचं स्विच मिळतं, त्यात वीज परत आली तरी मशीन आपोआप सुरू होत नाही, हिरवं बटण पुन्हा दाबावं लागतं. बसवून घ्या. घरात लहान पोरं असतील तर आजच.

हातमोज्यांचं अनेकांना उलटं वाटेल. फिरत्या पात्यापाशी हातमोजे घालायचे नाहीत. एक धागा अडकला की मोजा हातासकट आत ओढला जातो. गळ्यातला दुपट्टा, मनगटातला गंडा, कडं, अंगठी, लांब बाह्या, सगळं तसंच. चष्मा मात्र हवा, आणि धुळीसाठी मास्क.

आता धंद्याचं बोलू, कारण तुम्ही इथे त्यासाठी येता.

आम्ही ट्रेनर लोक तुम्हाला खर्चाची यादी देतो: मशीन, प्लाय, सनमायका, फेविकॉल, वाहतूक, जाहिरात. त्यात हाताची किंमत कधीच नसते. मी अशा पन्नास याद्या दिल्या असतील. एकीतही नव्हती.

समजा तुम्ही पीएम विश्वकर्मा योजनेत सुतार म्हणून नोंद केलीत. 17 सप्टेंबर 2023 ला सुरू झालेल्या या योजनेत 18 व्यवसाय आहेत आणि सुतारकाम त्यात आहे. पाच ते सात दिवसांचं प्रशिक्षण, रोजचे 500 रुपये विद्यावेतन, अवजारांसाठी 15,000 रुपयांचं ई-व्हाउचर आणि 5 टक्के व्याजाने पहिलं एक लाखाचं कर्ज, फेड 18 महिन्यांत. चांगली योजना आहे. मी स्वतः अनेकांना नोंद करायला लावली. पण हिशेब बघा. एक लाखाचा हप्ता महिन्याला 5,800 च्या आसपास बसतो. बोट गेलं की दोन-तीन महिने हात चालत नाही, ऑर्डरचा ॲडव्हान्स परत करावा लागतो, आणि हप्ता मात्र तारखेला येतो.

"सर, विमा आहे ना, 20 रुपयांवाला." प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना म्हणताय. जरूर घ्या, वर्षाला 20 रुपयांत 2 लाखांचं संरक्षण कुठे मिळतं? पण अटी वाचा. एक हात किंवा एक पाय पूर्ण निकामी झाला तर 1 लाख. दोन्ही हात गेले तर 2 लाख. बोटांचा तिथे हिशेबच नाही. कारध्याच्या मुलाचा हा विमा चालू होता आणि त्याला त्यातून काही मिळालं नाही. नियमाप्रमाणे बसतच नव्हतं.

ज्याचं हातावर पोट आहे त्याने वैयक्तिक अपघात विमा वेगळा काढावा. काढताना दोनच गोष्टी विचारा. कायमचं अंशतः अपंगत्व, म्हणजे एखादं बोट गेलं तरी ठरलेल्या टक्क्याने पैसे मिळतील का? आणि काम बंद असताना दर आठवड्याला काही रक्कम मिळेल का? फॉर्मवर व्यवसाय खरा लिहा, लाकूडकाम, मशीनवर. प्रीमियम वाचवायला "दुकानदार" लिहिलंत तर दावा तिथेच अडकेल.

आणि हाताखाली पोरगा ठेवला असेल तर? इथे फार जणांना धक्का बसतो. कर्मचारी नुकसानभरपाईचा 1923 चा कायदा फक्त मोठ्या कारखान्यांसाठी होता असं सगळ्यांना वाटतं. विजेवर माल बनवणाऱ्या जागेत पगारावर एकच माणूस असला तरी त्यात मालकावर जबाबदारी येत होती, आणि नव्या सामाजिक सुरक्षा संहितेतही हे तत्त्व कायम आहे. त्यात बोटागणिक टक्के ठरलेले आहेत. अंगठा 30 टक्के, तर्जनी पूर्ण गेली तर 14, मधलं बोट 12, करंगळी 7. महिना 12,000 पगार आणि वय 25 धरा. पगाराच्या 60 टक्के म्हणजे 7,200, गुणिले त्या वयाचा ठरलेला गुणांक 216.91, गुणिले 30 टक्के. अंगठ्याचे होतात 4 लाख 68 हजारांवर. तर्जनीचे 2 लाख 18 हजारांवर. तुमच्या पत्र्याच्या शेडची किंमत तेवढी आहे का?

आणि गंमत बघा, मालकाचा स्वतःचा अंगठा गेला तर हा कायदा त्याला काही देत नाही. घरच्या शेडमध्ये फॅक्टरी इन्स्पेक्टरही येत नाही. गार्ड का काढलं, हे विचारणारं तुमच्याशिवाय कोणी नाही.

मग करायचं काय? करवत सोडून द्यायची? अजिबात नाही.

पहिला मार्ग सर्वांत स्वस्त, आणि कमीपणा वाटतो म्हणून कोणी धरत नाही. प्लायचे सरळ काप बाहेरून करून घ्या. मोठ्या प्लायविक्रेत्यांकडे पॅनल सॉ असतो, ते मापाप्रमाणे कापून देतात, कापामागे पैसे घेतात. दिवाणाची कटिंग लिस्ट कागदावर नीट काढा, माप दोनदा तपासा, गाडीत माल टाकून आणा. तुम्ही घरी फक्त जोडणी, फिनिशिंग आणि ग्राहक सांभाळा. नव्या माणसाने पहिले सहा महिने असंच करावं असं माझं आता मत झालंय. सागवानाच्या लांब चिरण्या आरा मशीनवर होतातच की, मग पट्ट्याही तिथेच काढून घ्या.

दुसरा मार्ग हातातला सर्क्युलर सॉ, सात इंची. स्प्रिंगचं गार्ड असलेला, आणि ते गार्ड खुंटी मारून उघडं न ठेवलेला! जमिनीवर जाड थर्माकोल टाका, त्यावर प्लाय, प्लायवर ॲल्युमिनियमची सरळ पट्टी दोन क्लॅम्पने घट्ट, आणि मशीन त्या पट्टीला लावून पुढे न्या. पातं प्लायच्या खाली पाव इंचच उतरेल एवढी खोली ठेवा. लाकूड स्थिर, हात मुठीवर. काप टेबल सॉसारखा सरळ येतो. मी आता स्वतः असंच करतो, आणि पहिल्या दिवशी वाटलं की हे आधी का नाही सुचलं. मशीन, पट्टी, क्लॅम्प मिळून कटरच्या जुगाडापेक्षा समजा सहा हजार जास्त गेले. वर्षाला चाळीस ऑर्डर केल्या तर ऑर्डरमागे दीडशे रुपये. दिवाणाच्या भावात दीडशे रुपये वाढवले म्हणून गिऱ्हाईक पळत नाही.

टेबल सॉच हवा असेल तर पैसे साठवा आणि गार्ड व ती मागची पट्टी असलेलाच घ्या. हात पात्यापासून वीतभर लांब. त्याच्या आत ढकलकाठी, जी प्लायच्या तुकड्यातून दहा मिनिटांत बनते. आणि बोटभर तुकडा कापायचा असेल तर हातकरवत घ्या, त्यात लाज नाही.

अमेरिकेत स्टीव्ह गॅस नावाच्या गृहस्थाने 1999 च्या सुमारास एक युक्ती काढली. पात्याला कातडी लागली की विजेचा फरक ओळखून पातं पाच मिलिसेकंदांच्या आत थांबतं. सॉसेज पात्याला लावून तो हे लोकांना दाखवायचा. तरीही त्याच देशात टेबल सॉमुळे वर्षाला तीस हजारांवर लोक इमर्जन्सी विभागात जातात. बहुतेक मशीनमध्ये ही सोय नाही म्हणून. पुस्तिका वाचणारे, चष्मा लावणारे, घरी छंद म्हणून काम करणारे लोक असतात त्यात. ते सगळे बेफिकीर होते असं म्हणायचं का?

कार्यशाळेत एक काका उठून म्हणाले होते, "आम्ही तीस वर्षं असंच करतो, काही झालं नाही." काकांना मान आहे. पण ज्यांना झालं ते कार्यशाळेत उठून बोलत नाहीत. ते हात खिशात घालून मागे उभे असतात.

शेवटचं, जे मला त्या शेडमध्ये बसून कळलं. त्याच्या भावाने भुशातून बोटाचा तुकडा शोधला, धावत जाऊन बर्फ आणला आणि तुकडा थेट बर्फात घातला. जीव लावून केलं, पण चुकीचं झालं. बर्फ थेट लागला की पेशी गोठून मरतात. तुकडा स्वच्छ ओल्या गॉजमध्ये किंवा धुतलेल्या सुती कापडात गुंडाळायचा, तो कोरड्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधायचं, आणि ती पिशवी बर्फ-पाण्याच्या डब्यात ठेवायची. स्पिरिट, मीठ, दूध यात बुडवायचा नाही. जखमेवर हळद, चुना, चहापत्ती काही नाही. स्वच्छ कापडाने घट्ट दाबून हात छातीच्या वर धरायचा. तार किंवा दोरी आवळायची नाही. अंगठी असेल तर लगेच काढायची, नंतर सूज येते. काही खायला-प्यायला द्यायचं नाही, कारण भूल द्यावी लागू शकते. 108 ला फोन.

बोटात स्नायू नसतात, त्यामुळे नीट थंड ठेवलेलं बोट बारा तास, कधी त्याहूनही जास्त टिकतं. करवतीने फाटलेलं बोट सुरीने कापलेल्यासारखं सहज जोडलं जात नाही, हेही खरं. पण सर्जनला संधी तरी मिळते. अंगठा असेल तर ते हमखास प्रयत्न करतात. कारध्याहून नागपूर साठ-पासष्ट किलोमीटर, मोठा रस्ता आहे, म्हणजे वेळ हातात असतो. आधी रक्त थांबवा, जवळच्या दवाखान्यात दाखवा आणि सूक्ष्मदर्शकाखाली बोट जोडणारा सर्जन कुठे आहे, हे फोन करून विचारा. खरं तर हा नंबर आजच शोधून शेडच्या दारावर लिहा. तुमच्या योजनेच्या कार्डावर तिथे उपचार होतात का, तेही आजच विचारून ठेवा.

मी परत निघालो तेव्हा त्याने उलट्या कटरचं टेबल दाखवलं आणि म्हणाला, "हे तुम्ही घेऊन जा सर जी, तुमचंच आहे." हसत म्हणाला. मी गाडीत टाकून आणलं. पुढच्या व्हिडिओत ते समोर ठेवून, पात्याशिवाय, एकेक भाग खोलून दाखवणार आहे. तो मुलगा आता प्लाय कापून आणतो आणि घरी जोडणी करतो. डाव्या हाताने स्क्रू धरायला त्रास होतो, म्हणून त्याने ड्रिलला चुंबकाचं बिट लावलंय. जून-जुलैत दोन अलमाऱ्यांची ऑर्डर आहे त्याच्याकडे. मी विचारलं, भावात दीडशे वाढवले का? म्हणाला, "दोनशे वाढवले जी. गिऱ्हाईक काहीच बोललं नाही."